कॅप्टन रोकडे यांचा जबाब

मंगळवारी, एक एप्रिलला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कॅप्टन चांगदेव रोकडे यांनी पाकीट फोडलं. आत एका पानाचं पत्र होतं. नाईक सम्राट मारुती ओव्हाळ यांचा मृत्यू शांतता क्षेत्रात, रेशन आणणारा ट्रक उलटून झाला. तो सेवेत असताना आलेला मृत्यू आहे, लढाईत आलेला नाही. सबब शहीद जवानाच्या कुटुंबाला सरकारी जमीन देण्याचा प्रस्ताव परत करण्यात येत आहे. कुटुंबाला तसं कळवून पोच सात दिवसांत पाठवावी.

कळवायचं काम संघटकाचं होतं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या माजी सैनिकांसाठी शिरूरला जे उपकेंद्र होतं, त्याचे संघटक कॅप्टन रोकडेच होते.

"कुणाचं आलंय, साहेब?" लिपिक सुवर्णानं टेबलावरून विचारलं.

"ओव्हाळ. कवठे येमाई."

"तुमच्या भाच्याचं?"

कॅप्टननी मान हलवली आणि पत्र तिच्याकडे सरकवलं. सुवर्णानं ते उभ्यानंच वाचलं. तिचे वडील हवालदार होते. असल्या कागदांची भाषा तिला लहानपणापासून कळत होती.

"रजिस्टर टपालानं पाठवू का? पोस्टमन सही घेईल. तुम्हाला जायला नको."

"नको. मी जातो."

"आत्ता?"

"आत्ताच."

पण ते निघाले दीड वाजता. तोपर्यंत त्यांनी हयातीचे सहा दाखले केले, निमगावच्या एका विधवेचा अर्ज पुन्हा लिहून दिला आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याचा सेल बदलला.

भांडगावच्या बौद्धवाड्यातून चांगदेव रोकडे अठराव्या वर्षी भरती झाले. तीस वर्षं नोकरी केली. सुभेदार मेजर झाले आणि शेवटच्या वर्षी त्यांना ऑनररी कॅप्टनचा हुद्दा मिळाला. निवृत्त होऊन आले तेव्हा सोलापूर रस्त्यापासून घरापर्यंत उघड्या जीपमधून त्यांची मिरवणूक काढली होती. निळ्या गुलालानं युनिफॉर्म खराब झाला, तो पुन्हा धुतला नाही. पुढच्या वर्षी ते दौंड पंचायत समितीवर निवडून आले आणि अडीच वर्षं उपसभापती राहिले. मुदत संपल्यावर समितीवर प्रशासक बसला. निवडणुका आज होतील, उद्या होतील म्हणता म्हणता झाल्याच नाहीत. त्या काळात ते रोज पांढरे कपडे घालून बाहेर पडत, पाच-सहा अंत्यविधी आणि दोन-तीन लग्नं करून घरी येत. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ते मिळणार नाही हे कळल्यावर, गेल्या वर्षी त्यांनी या उपकेंद्राची जागा घेतली.

सम्राट गेला तो तिकिटाची आशा असतानाच्या काळात, दीड वर्षापूर्वी, ऑगस्टमध्ये.

कवठ्याच्या शिवाराबाहेर, डाळिंबाच्या बागा संपतात तिथून वर माळ सुरू होतो. सरकारी गायरान आहे. त्यातल्या पाच एकरांचे दगड ओव्हाळांच्या घरानं वेचले होते. वेचलेल्या दगडांचे ताल, म्हणजे उतारावरचे दगडी बांध, घातले होते. खालचे दोन ताल पुरे झाले होते, तिसरा निम्म्यावर आला होता. कॅप्टननी मोटारसायकल कडेला लावली तेव्हा तिघंही कामावर होती. सम्राटचे वडील मारुतराव पहारीनं एक मोठा दगड हलवत होते. त्यांची सून तेजश्री घमेलं भरून तालावर नेऊन ओतत होती. ताईबाई उकिडवी बसून बारके दगड गोळा करत पुढे सरकत होती. तिच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

ताईबाई सम्राटची आई, कॅप्टनची चुलतबहीण. तिनं मान वर केली.

"दादा आला. आज कचेरीला सुट्टी हाय का?"

"न्हाई. आलो असाच."

"असाच कधी येतूस तू? जेवला का?"

"जेवलो."

जेवले नव्हते. ते मारुतरावांजवळ जाऊन उभे राहिले. दगड निम्मा जमिनीत होता.

"दाजी, खालून उकरा. असा न्हाई निघायचा."

"दोन दिस उकरतोय, मेव्हणं. त्यो बी तुमच्यागत हट्टी हाय."

कॅप्टननी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दुसरी पहार घेतली. दोघांनी दोन बाजूंनी लावून जोर केला. दगड हलला, पण परत बसला. तिसऱ्या वेळेला कॅप्टनचा उजवा गुडघा वाकला आणि ते खाली बसले. त्या गुडघ्याचं नोकरीतच दोनदा ऑपरेशन झालं होतं.

"बसा, बसा," मारुतराव म्हणाले. "तुमचं काम कागदाचं. ते झालं तरी लई."

तेजश्री रिकामं घमेलं घेऊन परत येत होती. ती थांबली आणि कॅप्टनच्या खिशाकडे बघत राहिली. खिशातून पाकिटाचा कोपरा वर आला होता. मग ती पुढे गेली.

चार वाजायच्या सुमाराला नवनाथ पुणेकर मेंढरं घेऊन वरच्या अंगानं आला. पाच एकर गेल्यामुळे त्याला आता लांबून वळसा घालावा लागायचा. त्यानं तहसिलात तक्रार दिली होती आणि ती कुणापासून लपवून ठेवली नव्हती.

"राम राम, कॅप्टन. आज स्वतःच पहार धरली?"

"राम राम. कसं काय, नवनाथ?"

"कसलं कसं. तुमचं ताल हुतंय, माझी मेंढरं वाळतायत." त्यानं काठी खांद्यावर आडवी घेतली. "तुमच्या सम्राटशी माझं भांडण न्हाई हां, मावशी. त्यो माझ्या मांडीवर खेळलाय. माझं भांडण गवताचं हाय."

"गवत सरकारचं हाय," ताईबाई म्हणाली.

"आन् दगड?"

"दगड आमचं. वेचून बघ, मग कळंल."

नवनाथ हसला आणि मेंढरांना हाक घालत पुढे गेला. ताईबाईही हसली. त्या हसण्यानंतर पाकीट काढणं कॅप्टनना जमलं नाही. साडेपाचला ते तसेच निघाले.

शवपेटी आली त्या दिवशीचं सगळं कॅप्टनना वेळेसकट आठवत होतं. आदल्या दिवशी पहाटे पाच पन्नासला युनिटमधून फोन आला होता. बोलणारा अधिकारी तरुण होता आणि नीट बोलला. रेशन आणायला गेलेला ट्रक घाटात उलटला. ड्रायव्हर वाचला, नाईक ओव्हाळ गेले. कॅप्टननी विचारलं, कुठला भाग. पीस स्टेशन, सर, तो म्हणाला. कॅप्टननी दोनदा 'ठीक आहे' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कवठ्यात चार-पाच हजार माणूस जमलं. पक्षाचे मोठे पुढारी आले. त्रिशरण-पंचशील झालं, सलामी झाली आणि माईक कॅप्टनच्या हातात आला. ते सम्राटचे मामा होते, माजी अधिकारी होते, उपसभापती राहिलेले होते. दुसरं कोण बोलणार. ते म्हणाले, आमचा सम्राट सीमेवर लढता लढता गेला. शहीद झाला. सरकार त्याच्या घराला पाच एकर जमीन देईल, हा माझा शब्द आहे. पुढाऱ्यांनी मान हलवली. गर्दीनं 'अमर रहे' म्हटलं. ताईबाईला दोन बायांनी धरलं होतं. तिनं त्याच वेळी मान वर करून भावाकडे बघितलं, आणि तिचं रडणं थोडं कमी झालं, असं कॅप्टनना दिसलं. नंतर ते शब्द मागं घेता आले नाहीत. घेण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

महिन्यानं ग्रामपंचायतीनं रस्त्यावर कमान उभी केली. 'शहीद सम्राट ओव्हाळ प्रवेशद्वार'. उद्घाटन कॅप्टनच्याच हातचं. त्याच दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मारुतरावांना बाजूला घेतलं.

"दाजी, मंजुरीला वेळ लागंल. तवर गायरानातलं दगड वेचून रान पाडून ठेवा. आधी वहिवाट दिसली की सरकारला मागं सरता येत न्हाई. आपल्या लोकांना जमीन अशीच मिळालीय, कागद मागनं आलाय."

हे खरंही होतं. भांडगावात त्यांच्या आजोबांनी असंच दोन एकर मिळवलं होतं. मारुतरावांनी दुसऱ्या आठवड्यात पहार विकत घेतली. पुढं कॅप्टन संघटक झाल्यावर जमिनीचा प्रस्ताव त्यांच्याच सहीनं वर गेला. त्यात त्यांनी 'कर्तव्य बजावताना वीरमरण' असं लिहिलं. ट्रकाबद्दल काही लिहिलं नाही.

शनिवारी ते भांडगावला गेले. पत्नी सीमा ओट्यावर ज्वारी पाखडत होती. कॅप्टननी तिच्यापुढे पत्र ठेवलं. तिनं वाचलं नाही.

"मला म्हाईत हाय त्यात काय आसंल," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडीत मी म्हणलं हुतं तुम्हाला, असलं माईकवर बोलू नगा."

"गर्दी होती. लोक बघत होते."

"लोक बघतातच. तीस वर्सं सायबाचा हुकूम ऐकला, आन् त्या दिवशी लोकांचा ऐकला." तिनं सूप झटकलं. "ताईबाईला कुणी सांगायचं?"

"मीच."

"तुम्ही मंगळवारी जाऊन दगड उचलून आलाय म्हणं. तेजश्रीचा फोन आला हुता. म्हणली, मामा खिशात काहीतरी घिऊन आले आन् तसंच घिऊन गेले."

कॅप्टननी आत जाऊन गुडघ्याला मलम लावलं.

सोमवारी, सातवा दिवस भरायच्या आदल्या दिवशी, ते पुन्हा माळावर गेले. उन्हं चढली होती. मारुतराव पंचायतीत गेले होते. ताईबाई खालच्या तालाला टेकून पाणी पीत होती. तेजश्री कॅप्टनना रस्त्यावरच भेटली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आज तरी देणार का कागूद?"

"कसला कागद?"

"मामा, ट्रक हुता ना?"

कॅप्टननी खिशातलं पाकीट बाहेर काढलं.

"मला पहिल्या आठवड्यातच कळलंय," ती म्हणाली. "ड्रायव्हरचा फोन आला हुता. हिंदीत बोलत हुता. भाभी, माझी चूक झाली, म्हणाला. रडत हुता. मीच त्याला गप केलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला? आत्या रोज कमानीखालनं जाताना वर बघत्यात. त्यांना सांगू, की तुमच्या भावानं खोटं सांगितलं म्हणून?" तिचा आवाज वाढला नाही. "मला पेन्शन हाय. तुमच्याच कचेरीनं करून दिली, त्याबद्दल काय म्हणायचं न्हाई. पण दीड वर्स आत्या ह्या दगडात हात घालत्यात. नखं गेली त्यांची. मी त्यांच्याबरूबर वेचत बसले, कारण मला तोंड उघडता येईना. आता तुम्ही सांगा. मी न्हाई सांगणार."

"जमीन मिळणार न्हाई, तेजश्री."

"त्ये कळलं मला. तुम्ही त्या दिवशी पहार धरली तवाच."

तिनं पत्र घेतलं आणि उभ्यानंच वाचलं. कॅप्टननी पेन दिलं. पोचेवर तिनं सही केली, 'तेजश्री सम्राट ओव्हाळ', आणि तारीख विचारून घातली.

मग दोघं खाली गेली. कॅप्टन ताईबाईसमोर जमिनीवर बसले. गुडघा वाकेना म्हणून एक पाय लांब करून बसावं लागलं.

"ताई, सम्राट लढाईत गेला न्हाई. रेशनचा ट्रक उलटला. मला आदल्या दिवशीच कळलं हुतं."

ताईबाईनं तांब्या खाली ठेवला.

"मग तू माईकवर काय बोललास?"

"खोटं बोललो."

"का?"

तिकिटाचं तिला सांगून कळलं असतं, पण ते तोंडातून निघेना. ती चिंधी बांधलेल्या अंगठ्यानं तांब्याचा काठ पुसत राहिली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"रेशन म्हंजी काय हुतं त्यात?"

"पीठ. डाळ. कांदे-बटाटे. शंभर-सव्वाशे माणसांचं."

"म्हंजी त्यो लोकांचं जेवान आणाय गेला हुता."

"व्हय."

"त्ये हलकं काम हाय व्हय, दादा? त्येच सांगितलं आसतंस तर मी काय कमी रडले आसते? तुला वाटलं, माझं पोर तेवढ्यानं मोठं दिसंना. म्हणून तू त्याला दुसऱ्याचं मराण दिलंस."

कॅप्टनची मान खाली होती. तेजश्री घमेलं घेऊन लांब गेली होती. ती दगड भरत होती, पण तिचे हात थांबून थांबून चालत होते.

"आन् जमीन?" ताईबाईनं विचारलं.

"न्हाई मिळणार. आन् नवनाथनं तक्रार केलीय. अतिक्रमण म्हणून नोटीस निघंल. दाजीच्या नावानं."

"त्यांच्या का? रान पाडा म्हणून तू सांगितलंस."

"व्हय."

"मग त्ये बी सांग. जिथं बोललास तिथंच सांग. चौदाला जयंती हाय. माईक आसतोय." ती उठली. उठताना तिनं भावाच्या खांद्याचा आधार घेतला नाही. तालाच्या दगडावर हात टेकला. "आता जा तू. मला काम हाय."

जयंतीच्या दिवशी सकाळी दहाला ध्वजवंदन झालं. कॅप्टन दरवर्षीप्रमाणे पाहुणे होते. छातीवर पदकं लावून आले होते. बोलायला उठल्यावर त्यांनी आधी पदकं काढून टेबलावर ठेवली. कुणाला ते आवडलं नाही, एक वयस्कर माणूस मोठ्यानं म्हणाला, "लावा ती, साहेब. सणाचा दिस हाय."

ते तीन-चार मिनिटं बोलले. ट्रक उलटला, हे सांगितलं. फोन कधी आला आणि माईकवर आपण काय बोललो, तेही सांगितलं. मारुतरावांना गायरानात आपणच घातलं, तो गुन्हा असेल तर माझा आहे, असं म्हणाले. वाक्यं तुटक होती, परेडवर आदेश द्यावेत तशी. टाळी पडली नाही. सरपंचांनी आभार मानून टाकले आणि स्पीकरवर गाणं लावलं.

मंडपात मारुतराव मागच्या खुर्चीवर होते. त्यांना हे आदल्या आठवड्यात घरात कळलं होतं. आता ते उठले आणि घराकडे निघाले. वाटेत नवनाथ भेटला.

"आबा, मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला मंजुरी आली आसंल आन् मलाच कागद दावंना कुणी."

"आम्हाला बी तसंच वाटत हुतं," मारुतराव म्हणाले.

"तक्रार मागं घिऊ का?"

"घे, न्हाईतर ऱ्हाऊ दे. तुझी मेंढरं हायेत. तुझं तू बघ."

नवनाथनं तक्रार मागे घेतली नाही. मात्र त्या दिवसापासून त्यानं मेंढरं तालांच्या कडेला आणली नाहीत.

एकवीस एप्रिलला तलाठ्यानं माळावर पंचनामा केला. क्षेत्र मोजलं, तालांची लांबी टेपनं घेतली. तिसऱ्या तालापुढं तो मोठा दगड तसाच होता. पंचनाम्यात 'एक अवजड दगड' अशी त्याची नोंद झाली. कॅप्टननी तिथेच तालावर बसून जबाब लिहून दिला. गायरानात अतिक्रमण माझ्या सांगण्यावरून झालं, कुटुंबाचा दोष नाही, असा त्याचा मजकूर होता. तलाठी तरुण होता. त्यानं वाचून कागद परत पुढे केला.

"साहेब, असं लिहिलं तर तुमच्या नोकरीवर येईल. 'गैरसमजातून' असं घाला की."

"गैरसमज नव्हता."

"मग मी काय लिहू वर?"

"मी लिहिलंय तेच."

ताईबाई लांब उभी होती. तिनं सही होताना पाहिलं. कॅप्टन मोटारसायकलकडे जाताना तिच्या जवळून गेले. ती बाजूला झाली, इतकंच. त्यांच्याशी ती सात एप्रिलपासून बोललेली नव्हती.

उपकेंद्रात त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तो त्यांनी दोन ओळींत दिला. सुवर्णानं टाइप केला आणि विचारलं, "एवढंच?" ते म्हणाले, "एवढंच." मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांना पुढचा आदेश होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्यांनी किल्ल्या सुवर्णाकडे दिल्या. कुणाचा कुठला कागद अडकला आहे, हे तिला तासभर समजावून सांगितलं आणि निमगावच्या विधवेच्या अर्जाची खूण करून दिली.

मारुतराव ओव्हाळ यांच्या नावानं नऊ मेला नोटीस निघाली. सुनावणी वीस मेला होती, ती सत्तावीसला गेली आणि तिथून पुढे ढकलली. नवी तारीख अजून कळवलेली नाही. ग्रामपंचायतीच्या बैठकीत कमानीवरचा शब्द बदलायचा विषय निघाला. त्यावर चर्चा झाली आणि ठराव न होता बैठक संपली.

एकतीस मेला सकाळी सात वाजता तेजश्रीनं शेजारच्या वस्तीवरून बैलजोडी आणि कुळव मागून आणले. मारुतरावांनी कासरा धरला आणि खालच्या तालामागच्या दीड एकराला पाळी घातली. ताईबाई मागून ढेकळं फोडत गेली. मृग आठवड्यावर आला आहे. त्या रानात बाजरी पेरायची की नाही, याबद्दल घरात अजून काही ठरलेलं नाही.